खोली बदलण्याचं कारण

पत्रक लिहायला मला वेळ लागत नाही. विषय द्या, चहा संपायच्या आत लिहून देते — शेवटी उद्गारचिन्हासकट. हे मात्र जमेना. चळवळीतल्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात काम करते. डीलरांचे मेकॅनिक आठवड्याच्या ट्रेनिंगला येतात, त्यांची राहायची सोय माझ्याकडे. ऐकायला सोपं वाटतं. पण सोलापुरात खोल्या मिळणं पंचांगावर असतं. गुरुवार आला की अक्कलकोटला जाणारे, पौर्णिमा आली की तुळजापूरला जाणारे, त्यात लग्नसराई. स्टेशनजवळच्या ज्या हॉटेलात आम्ही लोक उतरवतो, तिथले मॅनेजर काका फोन उचलतानाच म्हणतात, "मॅडम, पंपवाल्यांनी देवाच्या तारखा सोडून शिकावं की!"

एका खोलीत दोघं, हा कंपनीचा नियम. कोण कुणाबरोबर, ते मी ठरवते. सिगारेटवाले एकत्र, लवकर उठणारे एकत्र, कन्नड बोलणारे एकत्र. हे मी फार मन लावून करते, बरं का. आडनावं बघून जोड्या लावायच्या नाहीत, हा माझा नियम. कुणाला सांगितलेला नाही, पण आहे. कारण रविवारी मी जी पत्रकं वाटते ना, कॉलेजांसमोर, जुळे सोलापूरच्या सोसायट्यांच्या गेटवर — ती याच विषयावर असतात. आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारणाऱ्यांवर. 'तुमचं घर स्वच्छ, मन कधी झाडणार?' ही ओळ माझी. आम्हालाही असंच तीन वेळा घर नाकारलं होतं. मी बौद्ध घरातली आहे. ऑफिसात मी फक्त प्रज्ञा मॅडम. साहेबांनी नोकरी देतानाच हसून सांगितलं होतं, "पत्रकं गेटच्या बाहेर हं." मीही हसले होते.

का हसले? असो. ते वेगळं.

गेल्या वर्षीच्या एका बॅचला परांड्याचे अशोकदादा आले होते. चाळिशीचे, सडपातळ, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन वाजला आणि बुद्धवंदना सुरू झाली. मी वळून बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं. तेव्हापासून मी मॅडमची 'ताई' झाले. मला बरं वाटलं होतं — हेही खरं.

त्यांच्या खोलीत मी एक तरुण मुलगा दिला होता. त्याचं नाव सांगत नाही. पत्रकात ठळक टाइपात छापलं असतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनबाहेर मला गाठून म्हणाला, "मॅडम, माझा पार्टनर बदलता येईल का?"

मी विचारलं, काय झालं?

"तसं काही नाही हो. माणूस चांगलाय. पण त्यांचा फोन वाजतो ना, त्यावरून कळलं. माझं काही नाही, घरचे फार विचारतात, कुणाबरोबर राहिलास म्हणून. तुम्ही समजून घ्याल."

तुम्ही समजून घ्याल! मला म्हणाला. मी कोण, ते त्याला माहीतच नव्हतं. चांगला हसतमुख मुलगा, सकाळी मला खुर्ची आणून दिली होती. राक्षस असता तर सोपं झालं असतं. राक्षसांविरुद्ध लिहायची मला सवय आहे.

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला पाठ आहे. रविवारी तेच तर म्हणते, माइकशिवाय, घसा फाडून. आणि त्या दुपारी मी म्हणाले — "बघते."

बघितलं. पौर्णिमा होती. हॉटेलात एक कॉट शिल्लक नव्हती. खूप फोन केले, तेव्हा एसटी स्टँडमागच्या एका लॉजवर एक खोली मिळाली. खिडकीखालीच गाड्या लागतात, गादीला वास. आता तिथे कुणाला पाठवायचं?

ज्याला अडचण होती त्याला, हे सरळ आहे ना? लहान मुलालाही कळेल. मी अशोकदादांना पाठवलं.

का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय आणि दर वेळी उत्तर बदलतं. कधी म्हणते, अशा माणसाशेजारी त्यांना झोपायला लावायचं नव्हतं. कधी म्हणते, त्या मुलानं घरी जाऊन डीलरला सांगितलं असतं, डीलरनं साहेबांना. पण एक गोष्ट बदलत नाही. अशोकदादा भांडणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि तो मुलगा भांडला असता.

पण मी कबूल करतेय ते हे नाही. खोली बदलणं एक वेळ तुम्ही समजूनही घ्याल. पुढचं ऐका.

अशोकदादा हात धूत होते. मी सांगितलं, तुमची खोली बदललीय. त्यांनी नळ बंद केला.

"ताई, माझं काय चुकलं का?"

मी नाही म्हणाले.

मग आवाज खाली आणून, "ते... काय बोलले का? आपलं कळल्यावर?"

सरळ विचारलं हो त्यांनी. आपलं, असं म्हणाले. त्यांचं आणि माझं. आणि मी — खोली नाकारणाऱ्यांवर पत्रकं लिहिणारी — म्हणाले, "छे हो दादा, काहीतरीच. तुम्ही घोरता म्हणे फार."

दर बॅचला घोरण्याची एखादी तक्रार असतेच. तयार कारण होतं. ओठावर आलं.

त्यांचा चेहरा असा उजळला! "घोरतो व्हय? एवढंच ना! मला वाटलं..." आणि हसायलाच लागले. त्या हसण्यानं माझा आजपर्यंत गोंधळ केलाय. मला वाटलं, बरं केलंस बाई. खरं सांगितलं असतं तर हा माणूस त्या वासाच्या गादीवर रात्रभर तेच चघळत पडला असता. सुटका केलीस. खरंच केली होती का सुटका? त्या क्षणी तरी, हो. मी बघितली ना डोळ्यांनी.

मग त्यांनी जे केलं ते माझ्या मनातही आलं नव्हतं. शर्टाला हात पुसत तडक त्या मुलाकडे गेले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माफ करा राव, माज्यामुळं तुमची झोप मोडली. मला खरंच कल्पना न्हवती."

मुलगा गोंधळला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही, मानही हलवली नाही. काहीच केलं नाही. त्याला कळलं. "असू द्या हो, असू द्या," म्हणाला, मोठ्या मनानं. माफ केलं त्यानं त्यांना. आणि मी तिथेच उभी होते.

पुढे उरलेला आठवडा बॅचला विषय मिळाला. अशोकदादांचं नाव पडलं 'पाच एचपी'. सर पंप सुरू करून आवाज ओळखायला सांगायचे तेव्हा मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "पंप बंदच आहे सर, अशोकरावांचा डोळा लागलाय." ते स्वतः सगळ्यांत जोरात हसायचे. मीही हसायचे. न हसून कसं चाललं असतं?

इथवर असतं तर कदाचित मी विसरले असते. विसरलेही होते जवळजवळ.

यंदा पुढच्या ट्रेनिंगला ते परत आले. येण्याआधी फोन आला, "ताई, मला पार्टनर देऊ नका. हॉलमधी सतरंजी टाका, मी तितं झोपतो. माज्यामुळं कुणाला तरास नको." मी म्हणाले, अहो तसं काही नाही, या तुम्ही. आल्यावर चहा पिताना सांगत होते, अगदी मजेत. पुतणीच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलं होतं, तर ते बाहेर टेम्पोत झोपले. डीलरबरोबर पुण्याला गेले, तर गाडीतच झोपले. घरीसुद्धा आता पोरांच्या खोलीत झोपत नाहीत, पुढच्या पडवीत कॉट टाकलीय. पोराची दहावी आहे, झोप मोडायला नको.

मग म्हणाले, "आमची मंडळी म्हणती, तुमी घोरतच न्हाय. कदीच न्हाय घोरला." हसले. "लई जीव हाय तिचा. माझं झाकायला खोटं बोलती."

कप माझ्या हातात होता. आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, तो मुलगा नव्हता, नोकरीलाही काही धोका नव्हता. वर्षभर शोधूनही सापडली नसती अशी वेळ समोर येऊन बसली होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "डॉक्टरला दाखवा ना दादा. त्यावर उपाय असतात हल्ली."

त्यांनी मान डोलावली. "दाखवतो की. बार्शीला एक हाय म्हणतात नाका-घशाचा." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझंच पत्रक. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं, त्यांनी प्रिंट काढून परांड्यात वाटलं होतं. "झाक लिव्हता तुमी ताई. असं तोंडावर बोलणारं कुनीतरी पायजे."

मी कागद घेतला. आभार मानले. त्यांना कुणाबरोबरच खोली दिली नाही. मागितलं होतं ना त्यांनी? मग मी चूक कशी? असंही मी स्वतःला विचारून बघितलं. कुठल्या बाजूनं विचारलं की मी बरोबर ठरेन, तेवढंच शोधत होते बहुतेक.

त्यानंतरच्या रविवारी मी पत्रकं वाटली. नेहमीसारखाच आवाज लागला. त्याचंच जास्त वाईट वाटतं — घसा बसला नाही, शब्द अडले नाहीत, काही म्हणजे काही झालं नाही.

अशोकदादा घोरत नाहीत. त्यांच्या बायकोचं खरं आहे. हे मी इथं लिहिलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.