उघडी राहिलेली रेघ

तमाम मराठी वाचकांना एक गंभीर वार्ता कळवणं भाग आहे. सुटलेलं टोक दिसलं की ज्याला अन्न गोड लागत नाही असा या पृथ्वीतलावर एकच मनुष्य झाला, आणि मद्रासेत, मैलापुरात, मी त्याच्याच माडीवर भाड्यानं राहत होतो.

आमचे हे घरमालक तंजावरकडचे मराठी. लग्नपत्रिकांच्या छापखान्यात त्यांनी जन्मभर ब्रशनं नक्षी काढली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा तरण्यांच्या आधी माऊस यांनीच धरला. चित्र पडद्यावर घ्यायचं, त्यावरून रेघ गिरवायची, टोकाला टोक जोडायचं. टोकं जुळली नाहीत तर आत रंगच भरत नाही, हे कळलं त्या दिवशी त्यांना वेद सापडल्याचा आनंद झाला. "काय हो पुणेकर, मी हेच सांगत होतो की सगळ्यांना!" मग ते जगच जोडत सुटले. बसमध्ये अनोळखी माणसाच्या शर्टाचं बटण लावून देत. अबोला धरलेल्या दोन भावांना त्यांनी एकाच रिक्षात कोंबून अड्यारला पाठवलं. परत आले तेव्हा तिघं भांडत होते, तिसरा रिक्षावाला. एकदा तर भरात गणपतीची सोंड उंदराच्या शेपटीला जोडली. वधूपित्यानं "यंदाची फॅशन वाटतं!" म्हणत तीच पत्रिका पसंत केली.

आणि याच माणसानं स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेवरची रेघ उघडी ठेवायचा हट्ट धरला!

त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या मामींचा, हात कापू लागला होता. दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणं त्यांनी सोडलं होतं. तांदळाच्या पिठाचे ठिपके, आणि त्यांना वळसे घेत स्वतःलाच येऊन मिळणारी एक रेघ. शेवटचं कोलम त्यांनी पहाटे काढलं, आणि लेकीनं दुपारी सवडीनं त्याचा फोटो घेतला. पत्रिकेवर तिला तेच हवं होतं, आत हळदीचा पिवळा भरून. घरमालकांनी रेघेची थरथरसुद्धा इमानानं गिरवली. पण एका वळणावर फट होती. रंग भरेना. संध्याकाळी छपाई. छापखान्यात सगळे म्हणाले, जोडून टाका.

"नाही," ते म्हणाले. "तिचा हात तिथं थांबला. मी कोण जोडणार? कोरंच जाऊ दे."

लेकीच्या लग्नाला कोरं कोलम! मी धावत घरी जाऊन मामींना घेऊन आलो. त्यांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. घरमालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आता मामींचा बांध फुटणार म्हणून मीही रुमाल चाचपला, तोच मामी कडाडल्या,

"अय्यो, तिथलं पीठ मुंग्यांनी खाल्लं हो! हात कापतो म्हणून काय झालं, रेघ मी कधी उघडी सोडली का?"