प्रश्न मोठ्याने वाचायला लावणाऱ्या मंदाकाकू

मंदाकाकूंची आणि माझी पहिली भेट पिस्कॅटवेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, गणपतीसमोर झाली. शेजाऱ्यांबरोबर त्या दर्शनाला आल्या होत्या. हात जोडता जोडता त्यांची नजर गणपतीच्या पायाशी ठेवलेल्या कार्डाकडे गेली आणि नमस्कार अर्धवट सोडून त्यांनी विचारलं, "हे कोणाचं?"

"माझं," मी कौतुकाने म्हणालो. "व्होटर कार्ड आलंय, काकू."

"सिटिझन कधी झालास?"

"अजून नाही. ग्रीन कार्डवर आहोत. पुढच्या वर्षी अप्लाय करणार."

"मग हे आलं कसं?"

ते कसं आलं हे सांगायला मला आजही लाज वाटते. आमच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्ससाठी अर्ज केला की त्याच अर्जावरून नाव मतदारयादीकडे जातं. सोय उत्तम आहे, पण ती नागरिकांसाठी. बाकीच्यांनी तिथेच नाही म्हणायचं असतं. मी लायसन्स रिन्यू करत होतो तेव्हा कानाला फोन होता आणि फोनवर ऑफिसची मीटिंग. पत्ता बरोबर आहे? हो. अवयवदान करणार? हो. त्याच ओघात 'मी या देशाचा नागरिक आहे' यालाही हो करून सही ठोकली. नागपूरला वडील सांगायचे, सरकारी फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडू नकोस, अर्ज परत येतो. तो धडा मी इतक्या वर्षांनी इमानेइतबारे पाळला. मग कार्ड घरी आल्यावर, घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूचं करतो तेच केलं. हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात समजावलं. नागरिक नसताना नागरिक म्हणवणं इथे साधी गोष्ट नाही. नागरिकत्व तर हुकेलच, देश सोडायची पाळीही येऊ शकते. "मत दिलंस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. माझी मुलगी सई तेव्हा सहा वर्षांची होती. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "बाबा, आर वी गोइंग समव्हेअर?" तिने विचारलं. मी घाबरलो होतो, हे सरळच सांगतो.

काकू सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झाल्या होत्या आणि कागद जपण्याची सवय त्यांनी निवृत्त होऊ दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी त्या फाइल घेऊन दारात हजर. आधी वकिलांना फोन झाला, मग नाव काढून टाकण्याच्या अर्जाचा मसुदा. मी मोठ्या हुशारीने 'सिस्टीमच्या चुकीमुळे' असं लिहिलं होतं. काकूंनी ते खोडायला लावलं. "सिस्टीमने विचारलं, तू हो म्हणालास. तसंच लिही." निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी कार्डावरच्या कुंकवाच्या डागाकडे दोनदा पाहिलं. काकूंनी त्यांना कुंकू म्हणजे काय ते वाचनालयातल्या शांत इंग्रजीत सांगितलं आणि कार्डाची प्रत मागून घेतली. नाव रद्द झाल्याचं पत्रही पुढे त्याच फाइलमध्ये गेलं.

आमच्या मंडळाच्या मराठी शाळेबाहेर दर शनिवारी काकूंचं जे टेबल असतं, त्याचं मूळ हे. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मुलंमुली लायसन्सला जाण्याआधी तिथे बसतात. काकू बिनसाखरेचा चहा पीत प्रत्येकाकडून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून घेतात, त्याचा अर्थ मराठीत विचारतात आणि मगच पुढच्या ओळीवर जाऊ देतात. एवढ्याशा कामाला तास लागतो म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांची थट्टा केलेली आहे. पार्सिपनीहून मुलाकडे राहायला आलेले एक काका पुष्कळ वर्षांपूर्वी नागरिक झालेले. कशाला नसती भानगड, म्हणून ते नागरिकत्वाचा प्रश्न टाळत होते. काकूंनी आग्रह केला नाही, फक्त वाचायला लावलं. 'मी या देशाचा नागरिक आहे' हे काकांनी दोनदा वाचलं, आणि हो म्हणाले. मत कोणाला द्यायचं हे काकू कधी सांगत नाहीत, विचारतही नाहीत.

माझी खरी परीक्षा पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत होती. तिथे थेट विचारतात, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का? एक मित्र म्हणाला, "नो म्हण यार, नाव तर कॅन्सल केलंय. कोण चेक करतंय?" मला ते पटतही होतं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "प्रश्न पूर्ण ऐक, खरं ते सांग, फाइल पुढे कर," एवढंच म्हणाल्या. मी तसंच केलं. अधिकाऱ्यांनी कागद ठेवून घेतले आणि निर्णय नंतर कळवू म्हणाले. पुढचे काही महिने काकू दर रविवारी फोन करत. त्या विषयाचं अवाक्षर न काढता सईची चौकशी करत आणि फोन ठेवत. त्या फोनांच्या आधाराने आमच्या घरात रविवारी तरी सगळे नीट जेवायचे. मग एके दुपारी मंजुरीचं पत्र आलं. ते देवापुढे ठेवण्याआधी मी काकूंना फोनवर अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं.

पहिलं मत द्यायला गेलो तेव्हा सई बरोबर होती. शाळेच्या जिममध्ये मतदान केंद्र होतं आणि यादीच्या टेबलामागे त्या दिवसाच्या निवडणूक कर्मचारी म्हणून काकू बसल्या होत्या. मला पाहून त्या हसल्या नाहीत.

"नाव?"

"मंदाकाकू, यू नो हिम," सई म्हणाली.

"आय डू. तरी विचारायचं असतं."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते यादीत शोधलं आणि सहीसाठी माझ्यासमोर धरलं. "आधी वाच," म्हणाल्या. मी माझं नाव मोठ्याने वाचलं, आणि न सांगता पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. काकू थांबल्या. मागे रांग होती, तरी थांबल्या.

यंदा काकूंनी पंचाहत्तरी पूर्ण केली. गुडघे दुखतात, पण शनिवारचं टेबल चुकलेलं नाही. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, चहा असाच बिनसाखरेचा आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो. काही वर्षांनी सई अठरा वर्षांची होईल आणि मतदान केंद्रातल्या त्याच टेबलासमोर उभी राहील. काकू, तेव्हा तिला न ओळखल्यासारखं करून नाव विचारायला तुम्हीच हव्यात.