चावी शेजारी असायची

ये गो बाय, अशी जवळ बस. सारखी फोनवर विचारतेस, "मावशी, पैसे मिळाले का?" मी सांगायला तोंड उघडते तोवर तुझी बस येते आणि तू फोन ठेवतेस. असलं काही असं उभ्याउभ्या सांगून होतं का? म्हणून लिहायला घेतलंय. माझ्या पुढ्यात बसलीयेस असं समजून वाच आणि मधेच "पण तुम्ही त्याला दिलेच कशाला" असं म्हणू नकोस. ते मला सगळ्या जगाने म्हणून झालंय.

आमच्या आळीत कुलूप लावतात ते कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून. बाहेर जाताना चावी शेजारी द्यायची. शेजारची वैनी आणि मी तरुणपणी एकाच मिठागरावर राबलो, तेव्हा दोन्ही घरांच्या चाव्या तिच्या सासूच्या कमरेला असायच्या. पुढे मिठागरं गेली, तिथे कंटेनर उभे राहिले, आमची घरं स्लॅबची झाली, पण चावी द्यायची रीत तशीच राहिली. आम्ही लग्नाकार्याला गेलो की वैनीचा मुलगा आमचं दार उघडून पाण्याची मोटर लावायचा. त्यात विचारायचं काय?

त्याच मुलाची ही गोष्ट. मुलगा म्हणते, पण त्यालाच दोन पोरं आहेत. बंदराजवळ एका एजंटाच्या ऑफिसात मालाचे कागद करतो. तुझ्या काकांचे दोन्ही गुडघे गेलेत हे तुला ठाऊक आहे. बंदरात गेलेल्या जमिनीचे पैसे घर बांधून जे उरले, ते आम्ही त्या गुडघ्यांसाठी राखून ठेवले होते. तो एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "काका, बँकेत ठेवून काय पिकतंय? हे बघा. यात मधे कोणी न्हाय, बँक न्हाय, दलाल न्हाय. माणूस माणसाकडून नाणी घेतो, भाव चढला की विकतो."

नाणी म्हटल्यावर मला वाटलं हातात काही खुळखुळेल. आलं ते फोनमध्ये. त्या नाण्यांचं म्हणे एक पाकीट असतं आणि पाकिटाला चावी असते. चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द, एकापुढे एक. ते कुणाला सांगायचे नाहीत आणि हरवायचेही नाहीत. तुझे काका हसले. म्हणाले, "मला माझा चष्मा सापडत न्हाय, बारा शब्द कुठं ठेवू? तुझ्याकडंच असू दे चावी."

झालं. दिली चावी शेजारी.

बरेच महिने फोनमधला आकडा वाढत होता. काका रोज सकाळी चहाबरोबर तो बघायचे आणि मला म्हणायचे, "एक गुडघा निघाला बघ." दुसऱ्या गुडघ्यासाठी म्हणून उरलेली रक्कमही त्यांनी घातली. ती मात्र नाणी घ्यायला म्हणून त्या मुलाने सांगितलेल्या एका माणसाच्या खात्यात बँकेतून पाठवली. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पैसे काढू म्हणून त्या सकाळी फोन उघडला, तर पाकीट रिकामं.

मी वैनीच्या घरात शिरले. तो जेवत होता. त्याने हात धुतला आणि खाली बघत सांगितलं, की नाणी घेणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यातल्या एका माणसाने दामदुप्पट सांगितलं होतं, म्हणून त्याने आपली आणि आमची, दोघांची नाणी त्याच्याकडे वळवली. तो माणूस आता फोन उचलत नाही.

"आमची कुणाला विचारून वळवलीस?"

"काकी, तुमी घरी नसताना मी मोटर लावायचो तवा विचारायचो काय? टाकी भरेल म्हणूनच लावली ना."

खोटं नव्हतं. त्याचेही बुडाले होते. पण टाकी आमची होती.

मग सुरू झाल्या खेपा. आधी गावातल्या चार जाणत्यांपुढे बसलो. त्यांना नाणं काय तेच कळेना. एकाने विचारलं, "तांब्याचं का चांदीचं?" मग पोलीस, मग सायबरवाले. प्रत्येक ठिकाणी जिना. काका कठड्याला धरून एक पायरी चढायचे आणि उगाच भिंतीवरचं काही वाचल्यासारखं करत थांबायचे. मी पण त्यांच्याबरोबर वाचायची. झेरॉक्स काढ, आधार दाखव, साहेब बाहेर गेलेत, उद्या या. उद्या गेलो की दुसरे साहेब, आणि सगळं पहिल्यापासून. तीच गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी मला ती दुसऱ्या कुणाची वाटायला लागली.

मधेच एक फोन आला. गोड आवाज, निम्मं हिंदी. तुमचे बुडालेले सगळे पैसे परत काढून देतो, आधी फक्त आमची फी भरा. काका एवढे दमले होते, की पासबुक काढून बसले. मी फोन घेतला. म्हटलं, "भावा, पैसे तुला सापडलेत ना? मग तुझी फी त्यातून कापून घे आणि बाकीचे पाठव. वर शंभर रुपये जास्त घे, चहा पी." त्याने फोन आपटला. त्या दिवशी किती तरी दिवसांनी काका हसले.

सायबरची एक ताई मात्र भली निघाली. तिने काकांना खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "आजी, नाण्यांच्या रूपात जे गेलं त्याची आशा फार धरू नका. पण बँकेतून जे गेलं, त्यातलं थोडं त्या खात्यात अडवून ठेवलंय. कोर्टाचा हुकूम झाला की मिळेल. फक्त ते खातं तुम्हाला कुणी दिलं, चावी कुणाकडे होती, ते नाव तक्रारीत लागेल. इथे तुम्ही 'ओळखीचा माणूस' लिहिलंय. तसं चालत नाही."

मी म्हटलं, "उद्या येते."

उद्या गेले नाही. परवाही नाही. एका बाजूला काकांचे गुडघे, दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडची वैनी. माझ्या बाळंतपणात जिने मला न्हाऊ घातलं, तिच्या पोराचं नाव पोलिसांच्या कागदावर कसं घालू? काका एकदाही "जा" म्हणाले नाहीत. नुसते पाय लांब करून बसायचे.

शेवटी वैनीच आली, मागच्या दाराने. हाताला कोळंबीचा वास, तशीच उठून आली होती. बसली नाही.

"नाव घातलंस?"

"न्हाय गो."

"घाल. भाऊजींना संडासला धरून न्यावं लागतं, मला दिसत न्हाय काय? घाल नाव. पर मला सांगून घाल. दुसऱ्याच्या तोंडून नको कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन नाव घातलं. त्या मुलानेही येऊन जबाब दिला, खरा दिला. आता कोर्टाची तारीख पडते, पुढे जाते, पुन्हा पडते. मिळाले तर एका गुडघ्यापुरते मिळतील असं वकील म्हणतो. कुठला आधी करायचा यावर काका आणि मी भांडतो.

घरी आल्यावर भिंतीवरून तिला सांगितलं, "वैनी, घातलं." ती "बरं" म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढत राहिली. तेव्हापासून आली नाही. भांडण नाही, बोलणं तुटलेलं नाही. समोर आली की विचारते, "जेवलात?" पण दारात पाय टाकत नाही. मीही जात नाही. कोण आधी जाणार, आणि जाऊन काय बोलणार? दमलोय गो आम्ही सगळेच.

म्हणून म्हणते, तू ये. सुट्टीची वाट बघू नकोस, एका शनिवारी ये. तू आलीस की मला तिला हाक मारायला निमित्त मिळेल, आणि पोरगी आलीये म्हटल्यावर तिला नाही म्हणता यायचं नाही. लवकर ये बाय.