पहिल्या दिवसाचा ढ

लॅमाँट पेटवे चौदा हंगाम अमेरिकन फुटबॉल खेळला आणि चौदा हंगामांत चेंडू त्याच्या हाती एकदाही आला नाही. येणार कसा? चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या पुढं उभं राहायचं आणि अंगावर धावून येणाऱ्या साडेतीन मणांच्या माणसाला डोक्याखांद्यानं अडवायचं, एवढंच त्याचं काम. टीव्हीवर त्याचं नाव निघायचं ते चूक झाली की.

अलाबामातून संघाच्या सराव शिबिराला आला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. हंगामाआधी प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची परीक्षा व्हायची. पुढं डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घटले की खेळाडू बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा.

कोवालचिक म्हणून संघातलं एक जुनं खोड होतं. त्यानं पोराला बाजूला घेतलं. "ऐक रे पेटवे, आज ढ बन. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतील, दोनच सांग. आज हुशारी पाजळलीस तर ऑक्टोबरात डोकं भणभणत असताना तेवढी हुशारी कुठून आणशील?"

सगळे हसले. लॅमाँटनं दोनच शब्द सांगितले, आणि पुढं दरवर्षी तेच केलं. डोक्यापायी आपण एकही सामना चुकवला नाही, हे तो मिरवायचा. संघाच्या डॉक्टरांना हे कळत नव्हतं थोडंच? चांगलं कळत होतं. पण कळलं म्हणावं तर रविवारच्या सामन्याला मैदानात उभं कोण राहणार?

सदतिसाव्या वर्षी एका फोनवर त्याला काढून टाकलं. एकेचाळिसाव्या वर्षी तो चर्चची वाट विसरला. मग शेगडी पेटती ठेवून फिरायला गेला, पडदे जळाले. बायको रेनिटा शाळेची बस चालवायची. तेव्हापासून ती त्याला घरात कोंडून कामाला जाऊ लागली. खेळानंच डोकं बिघडलं असं ठरलं, तर खेळाडूंच्या मदत समितीकडून दिवसभर त्याच्याजवळ बसायला माणूस मिळणार होता. तेवढ्यासाठी तिनं अर्ज केला.

समितीनं तीच स्मरणशक्तीची परीक्षा ठेवली. त्या दिवशी लॅमाँटनं जिवाचं रान केलं. शर्ट घामानं भिजला. पाचातले दोन शब्द आठवले.

समितीच्या डॉक्टरानं जुनी फाईल उघडली. "मिस्टर पेटवे, तेविसाव्या वर्षी दोन शब्द, आजही दोनच. घसरण कुठं दिसत नाही."

"तेव्हा मी मुद्दाम चुकलो होतो. सगळेच चुकायचे."

डॉक्टरानं पेन खाली ठेवलं. "मग आज मुद्दाम चुकला नाहीत, हे मी कशावरून मानू?"

रेनिटा उसळली. "कोवालचिकला विचारा ना. त्यानंच शिकवलं ह्याला."

"त्याला काय विचारतेस," लॅमाँट म्हणाला. "तो आता स्वतःच्या बायकोला ओळखत नाही."

डॉक्टरानं फाईल मिटली.

गाडीत बसल्यावर लॅमाँट एकाएकी म्हणाला, "शिडी, लिंबू, घोडा, चादर, पितळ."

रेनिटाचा हात किल्लीवरच थांबला. "आजचे शब्द?"

"छे. पहिल्या वर्षीचे. पाचही येत होते मला, रेनिटा. आईशप्पथ."

"आणि आजचे?"

"आज शब्द दिले होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनिटानं दाराला बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि ती बसवर गेली.