एका कॅसेटची दुसरी बाजू

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा आजोबांची फाइल ऐकून व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा सारखं हाय, हाय का म्हणतात? कोण येत होतं त्यांच्याकडे?" मला हसू आलं, तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आत्ताच लिहिते, कारण ज्या कॅसेटमधून तो आवाज आला ती आता पुन्हा वाजणार नाही.

माझ्या विश्रामबागच्या घरात, टीव्हीखालच्या कपाटात, एक छोटी काळी पेटी आहे. तिलाच आम्ही सर्व्हर म्हणतो. तुमच्या बाबाने तिकडे परदेशातून फोनवर सांगितलं आणि मी इथे एकेक तार जोडली. घरचे सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज तिच्यात आहेत. मी टीव्हीवर बघते, साताऱ्याची तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, तिच्या फोनवर आणि तुम्ही टॅबवर. सुरुवातीला मी आमच्या लग्नाच्या व्हिडिओला नुसतं 'लग्न' असं नाव दिलं, तर पेटीने ते सिनेमाचं नाव समजून आपल्या मनाने इंटरनेटवरून कुठलंसं पोस्टर आणून त्याच्यावर चिकटवलं. अनोळखी नवरानवरी माझ्याकडे बघून हसत होते. तेव्हापासून प्रत्येक फाइलला आधी साल, मग गाव, मग प्रसंग, असं पूर्ण नाव देते.

लग्न होऊन मी साताऱ्याहून कुंडलला सासरी आले तेव्हा तुमचे आजोबा फौजेत होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, आणि आपल्या मुलाचं पत्र सुनेने वाचून दाखवावं हे त्यांना रुचत नसे. म्हणून आजोबा कॅसेटवर बोलून पाठवत. आम्ही सगळे घराच्या पुढच्या सोप्यात बसून ऐकायचो. मग त्याच कॅसेटवर, त्यांचं बोलणं पुसत, आमचं उत्तर भरायचो आणि ती परत पाठवायचो. तेही तसंच करत. म्हशीचं दूध, उसाचं पाणी, कुणाचं बारसं, सगळं एकावर एक भरलं गेलं आणि पुसलं गेलं. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नवी कॅसेट कशाला आणायची, असंच सगळ्यांना वाटे.

आजोबा गेल्यावर मी घरभर त्यांचा आवाज शोधला. फोटो पुष्कळ होते, पण आवाज नव्हता. यंदा आत्याआजीने साताऱ्याहून फोन केला, "वैनी, आयेच्या ट्रंकेत एक कॅसेट घावलीया. टेपबी हाय. पर आशा धरू नगा, त्येच्यावर आपलीच वटवट असंल."

मी गेले. दुपारची वेळ होती. खिडकीतून अजिंक्यताऱ्याची कड दिसत होती, आणि ऊन मऊ होतं. टेपला तार लावून दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. पहिल्या बाजूवर खरंच आम्ही होतो. सासूबाई कोंबड्यांची खबर देत होत्या, मागे भांडी वाजत होती आणि मध्येच माझा आवाज, कुणा दुसऱ्याच मुलीचा असावा तसा कोवळा.

मग कॅसेट उलटली. बराच वेळ नुसती खरखर. आणि त्यातून एक जाड, ओढल्यासारखा आवाज आला.

आत्याआजी म्हणाली, "ह्यो दादा न्हवं. ह्यो म्हशीगत बोलतुय."

टेपचा पट्टा सैल झाला होता. तो बदलून आणला. पण तोवर टेपच्या फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी साचली होती. फीत झडत होती. जे काही भरून घ्यायचं ते एकाच दमात घ्यायला हवं होतं. मी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"आये, मी बरा हाय. हितं लय थंडी हाय. आज लाईट न्हाई, कंदील लावून बोलतुय."

आत्याआजीने डोळे मिटले. मला मात्र त्या घरात कंदिलाचा वास आल्यासारखं वाटलं. पहिली बाजू भरून होते न होते तोच आजोबांची रजा मंजूर झाल्याची तार आली असणार. म्हणून कॅसेट परत पाठवायची राहिली आणि दुसरी बाजू आम्ही पुसली नव्हती. शेवटाकडे ते म्हणाले, "आन् तिला सांग..." आणि फीत तुटली. ती चिकटवायला गेले तर बोटांत भुगा आला.

"वैनी, काय सांगणार हुता वो दादा?" आत्याआजीने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "सांगितलं आसंल की तुमास्नी घरी आल्यावर."

फाइल लावली की तुम्हाला पडद्यावर वाचता यावीत म्हणून मी एका प्रोग्रॅमकडून त्या बोलण्याची इंग्रजी अक्षरं करून घेतली. त्याने प्रत्येक 'हाय'ला नमस्कार समजून 'Hi' लिहिलं आणि 'लाईट न्हाई'मध्ये एक न्हावी आणून बसवला. बाळांनो, आमच्याकडे 'हाय' म्हणजे 'आहे'. मी बरा आहे. इथे थंडी आहे. ते कुणाचं स्वागत करत नव्हते, आपण आहोत एवढंच आईला सांगत होते.

तुमचा प्रश्न ऐकल्यावर मी ती अक्षरं दुरुस्त करायला बसले आणि सवयीने 'आहे', 'नाही' लिहू लागले. आत्याआजीला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "आवं वैनी, दादाला शुद्ध करू नगा. मला वळखू यायचा न्हाई." तेव्हा वर त्यांचेच शब्द ठेवले, खाली इंग्रजी अर्थ.

काल आपण तिन्ही घरांनी एकाच वेळी ती फाइल लावली. माझ्या टीव्हीतून आवाज आला, मग क्षणभराने कॉलवरून साताऱ्याचा, मग तुमच्या खोलीतला. एकच माणूस तीन घरांतून मागे-पुढे बोलत होता, आणि मी कुठल्या घरात बसले आहे ते मला थोडा वेळ कळेना.

दुसरी बाजू जवळजवळ पूर्ण मिळाली आहे, शेवटचं वाक्य सोडून. एक प्रत या पेटीत आहे, एक साताऱ्याला आणि एक तुमच्या बाबाकडे.