ब्रेक दाबला की वाजणारा हॉर्न

डोंगरातल्या ओथाया गावच्या बाजारामागे न्यागुथीचं पत्र्याचं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग करणारी बाई पाहिली की नवं गिऱ्हाईक आधी तिच्या पाठीमागे डोकावायचं, मिस्त्री कुठं दिसतोय का म्हणून. ती शांतपणे सांगायची, "मिस्त्री जेवायला गेलाय, तोवर मी बघते." मिस्त्री काही जेवून यायचा नाही, गाडी मात्र सुरू होऊन जायची. बाई हट्टी. 'चालतंय ना, मग चालू द्या' हे तिला मुळीच खपत नसे.

तिच्याकडे मथेंगे गुकांची जुनी प्यूजो पिकअप आली. गुका म्हणजे आजोबा, आणि मथेंगे साऱ्या डोंगराचे गुका होते. बायको गेल्यापासून एकटे राहायचे आणि रोज सकाळी डोंगरउतारावरचं दूध गोळा करून डेअरीत पोचवायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, पण तसं कुणी म्हटलेलं चालत नसे. आता डेअरीने बजावलं होतं की गाडी तपासणीत पास झाली तरच दुधाची फेरी त्यांच्याकडे राहील.

"फेरी गेली तर काय कराल, गुका?" न्यागुथीने मोठ्याने विचारलं.

"बसेन. आणि बसलेला म्हातारा किती दिवस टिकतो ते तूच सांग."

तिने डॅशबोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. मूळच्या तारा कधीच्याच गेल्या होत्या. ज्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडली होती, आणि बहुतेकांच्या हाताला लालच लागली होती. सांध्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद व्हायचा आणि ब्रेक दाबला की हॉर्न बोंबलायचा. टेस्ट लॅम्प घेऊन ती एकेका तारेच्या मागे लागली. तेव्हा कळलं, ब्रेकच्या दिव्याची तार आणि हॉर्नची तार पत्र्याच्या एका भोकात घासून घासून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"गुका, ब्रेक मारला की हॉर्न वाजतो, ठाऊक आहे ना?"

"कशाला वाजेल? मी बटणाला हातसुद्धा लावत नाही. माझी वेळ लोकांना पाठ आहे. मी पोचतो तेव्हा बाया किटल्या घेऊन फाटकात उभ्या असतात."

न्यागुथीला हसू आलं. तिथंच तिने थोडा विचार करायला हवा होता, पण कामाच्या नादात असलेल्या माणसाला कोण थांबवणार! तिने जुनं सगळं उपटून काढलं आणि प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची तार घातली. तेवढे दिवस गुकांच्या भाच्याने घरोघर हाका मारत गाढवाच्या गाडीवरून दूध नेलं. तपासणीवाल्याला गाडीत नाव ठेवायला जागा सापडली नाही. न्यागुथीला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला गुका रिकामी गाडी घेऊन दुकानात आले आणि एका टायरवर बसले.

"पास झालेली गाडी घेऊन काय करू, पोरी? एका फाटकात एक बाई नव्हती. सगळीकडे थांबलो. सगळे दुसऱ्याकडे गेले. निदान तोंडावर सांगायचं तरी."

आता न्यागुथीच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी घरं रस्त्यापासून खाली, चहाच्या मळ्यांत. उतारावर प्रत्येक वळणाला ब्रेक आणि प्रत्येक ब्रेकला हॉर्न, तो ऐकूनच बाया किटली उचलून चढण चढायला लागायच्या. वेळ कुणालाच पाठ नव्हती. तिने हे गुकांना इतकं ओरडून सांगितलं की शेजारच्या टायरवाल्यालाही समजलं. गुकांना मात्र नाही.

"गाडीत बसा," ती म्हणाली. "घरोघर जाऊन मी सांगते."

घरोघर जायची वेळच आली नाही. वाटेत गुकांचं घर लागलं, तर अंगणात ही गर्दी. तीन दगडांवर मोठं भांडं चढलेलं, कुणाच्या हातात चहापत्ती, कुणाच्या हातात साखर, आणि भिंतीला लागून डोंगरावरच्या सगळ्या किटल्या.

गुका खाली उतरले तशा बाया दोन पावलं मागे सरल्या. शेजारची गकेनिया साखरेचा पुडा घेऊन पुढे आली. डोळे रडून लाल झालेले.

"मेला नव्हतास, तर हॉर्न का नाही वाजवलास?" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "गाडी दुरुस्त झाल्याचं कळलं होतं, तरी आवाज नाही. घराला कुलूप. म्हटलं, इस्पितळात नेलं असेल आणि तिथंच गेला असेल."

"आणि दूध?"

"तुझ्यासाठीच आणलं. दुसऱ्या कुणाला कसं द्यायचं? म्हटलं, तुझ्या दुखवट्याच्या चहाला लागेल."

गुका किटल्यांकडे बघत राहिले. मग टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. भर अंगणात, सगळ्या बायांसमोर.

"माझं चुकलं, गुका," न्यागुथी कानाशी जाऊन म्हणाली. "ब्रेकवरचा हॉर्न परत जोडून देऊ?"

"नको, पुन्हा नापास करतील. बटण कुठं आहे ते दाखव."

बायांनी उरलेल्या किटल्या गाडीत चढवल्या. डेअरी बंद व्हायला अजून वेळ होता. न्यागुथी चला चला म्हणत होती, पण गुका चुलीपाशी टेकले होते, हातात रिकामा कप घेऊन.

"घाल अजून एक," ते गकेनियाला म्हणाले. "पुढच्या वेळी हा चहा करशील तेव्हा मला प्यायला मिळणार नाही."