कॉल नाय, हाक!

गंजाडची दक्षा आमच्या वर्तमानपत्राची वार्ताहर. बातमी गाजली की ती 'आमची दक्षा', अंगाशी आली की 'ही बाई आमच्या पगारावर नाही'. मीही त्याच पेपरात, डहाणूला, त्याच लायकीचा. त्यामुळे हे शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

दक्षाचे आईबाप नागली पिकवणारे. ती तलासरीला वसतिगृहात राहून शिकली आणि स्कूटी घेऊन पाडे पालथे घालू लागली. तोंडानं फटकळ; वारली, गुजराती, मराठी, तिन्हींत भांडते. एका टेकडीमागे चोरून दगडखाण चालली होती, सुरुंगांनी घरांच्या भिंती तडकत होत्या. ते तिनं फोटोंसकट छापलं.

त्याच सुमारास एका परदेशी संस्थेनं पत्रकारांच्या सुरक्षेचा कार्यक्रम आणला. हॉटेलात प्रशिक्षण, पाठीवर 'प्रेस' लिहिलेलं जाकीट आणि लाल बटण असलेला मोबाइल. दाबलं की मदत येणार म्हणे. जाकीट पाहून शेजारची भिकीमावशी म्हणाली, "प्रेस? आता कपड्यांना इस्त्री मारणार काय गो?"

मग एका दुपारी खाणीचा मुकादम दोन माणसं घेऊन दक्षाच्या दारात आला. हात पिरगळून फोटो मागू लागला. तिनं बटण दाबलं, पण पाड्यावर रेंज कुठली! मोबाइलवर नुसतं चक्र गोल फिरत राहिलं. तेव्हा तिनं हाक मारली. आमच्याकडची हाक म्हणजे तोंडाशी ओंजळ धरून दिलेली लांब कूक. ती ऐकली की हातातलं टाकून धावायचं, कोण आहे ते मागाहून विचारायचं. भिकीमावशी कोयता घेऊन आली, मागून सगळा पाडा. मुकादम पळाला, आणि त्याच्या मालकानं निर्लज्जपणे दक्षावरच खंडणीची तक्रार ठोकली.

आता तिला वकील हवा होता. कार्यक्रमात वकिलाची सोय होती, पण ती पुढे चालू ठेवायची की नाही हे मूल्यमापनानंतर ठरणार होतं. त्यासाठी परदेशातून एक बाई आल्या, सोबत मुंबईची दुभाषी. मला बाहेर बसवलं, गोपनीयता म्हणून. आत काय झालं ते दक्षानं दातओठ खात सांगितलं.

"हल्ला झाला तेव्हा काय केलंत?"

"हाक मारली. लगेच मदत आली."

दुभाषी इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यातला 'कॉल' तेवढा दक्षाला कळला.

"कॉल नाय, हाक!"

"हो हो, तेच ते," दुभाषी म्हणाली. बाईंनी खूश होऊन लिहून घेतलं.

तेच ते! संताप येतो मला या दोन शब्दांचा.

अहवाल सांगायला डहाणूतच हॉल घेतला. डहाणूत बटण यशस्वी, मदत वेळेत पोचली, तेव्हा वकिलाची सोय बंद आणि त्याऐवजी आणखी मोबाइल. टाळ्या पडल्या. पहिला मोबाइल घ्यायला दक्षाला मंचावर बोलावलं. सोमवारी तिची कोर्टात तारीख होती.

तिनं मोबाइलला हात लावला नाही. "तुमच्या बटणानं कोणी आलं नाय. आमची भिकीमावशी आली. पण कोर्टात तिचा कोयता चालत नाय. मला वकील द्या."

दुभाषीनं सांगितलं. या वेळी नीट सांगितलं असावं, कारण बाईंचा चेहरा पडला. पण उत्तर आलं, अहवाल छापून झालाय, पुढच्या टप्प्यात नक्की विचार करू.

दक्षानं समोरचा माइक बाजूला सारला. तोंडाशी ओंजळ धरली आणि कूक दिली.

मी मागच्या रांगेतून उठेपर्यंत स्वयंपाकघराचं दार आपटलं. वाढपी हिरू, गंजाडचाच, हातातला कपांचा ट्रे टाकून धावत आला होता. दाराशी फुटके कप, आणि तो दक्षापुढे उभा राहून विचारत होता, "काय झालं गो? कोन हाय?"

पत्रकारांच्या सुरक्षेसाठी जमलेली बाकी सगळी मंडळी खुर्च्यांवर बसून होती.